गावकुसाबाहेरचा अर्धा नकाशा

१/ ‘आदर्श मराठी गाव’ अशा मथळ्याची रेखाचित्रे समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतात. मध्यभागी पाटलाचा वाडा, समोर चावडी, पिंपळाचा पार, वेशीजवळ मारुती, एका अंगाला सुतारनेट, पलीकडे लोहाराचा भाता. खाली एक ओळ असते : शास्त्रशुद्ध, स्वयंपूर्ण, सुखी. चित्र सुबक असते यात शंका नाही. मात्र जेथे गावकूस काढलेले असते तेथेच कागद संपतो. भिंतीपलीकडे उरतो तो कोरा समास. ज्या वस्तीवाचून त्या चित्रातले एकही काम पुरे होत नव्हते, ती वस्ती त्या समासात आहे.

२/ हा थ्रेड त्या समासाविषयी आहे. देशावरच्या, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावरच्या गावाची रचना नीट वाचली, तर महारवाडा आणि मांगवाडा हे गावाला मागाहून चिकटलेले तुकडे ठरत नाहीत. ते मूळ आराखड्याचे अंग ठरतात. ‘गाव तेथे महारवाडा’ या म्हणीत तुच्छतेचा सूर आहे. तरीही आराखड्याविषयी ती या रेखाचित्रांपेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

३/ आरंभ शब्दांपासून करावा. जुन्या व्यवहारात गावाचे दोन भाग : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती साचून भुरी झालेली भूमी. इंग्रजी अमदानीत महसुली मोजणी झाली तेव्हा काळीचा बांध न् बांध कागदावर आला, कारण सारा काळीवर होता. तिला सर्वे नंबर मिळाले. पांढरी मात्र गावनकाशावर एक रिकामी आकृती राहिली. सरकारला तेथून काही वसूल करावयाचे नव्हते, म्हणून तेथे काय आहे हे काढण्याचीही गरज भासली नाही.

४/ अपवाद थोडे. डॉ. टॉमस कोट्स यांनी पुण्याजवळच्या लोणी गावाचे वर्णन १८२० मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे मांडले. त्याच गावाकडे गो. स. घुर्ये सव्वाशे वर्षांनी पुन्हा वळले आणि त्यांचे पुस्तक १९६० मध्ये आले. हॅरल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला, पण त्यांचा भर जमिनीचे तुकडे आणि कर्ज यांवर होता. (त्या पिंपळे सौदागरात आज काळीही उरली नाही आणि पांढरीही, तेथे बहुमजली सदनिका उभ्या आहेत.) हजारो गावांच्या वाट्याला एवढेही आले नाही. नकाशातल्या त्या रिकाम्या आकृतीत पुढे स्मरणरंजनाने आपले घर बांधले.

५/ आता घर पाहावे, कारण गावाचे सूत्र घरात सापडते. देशावर पाऊस कमी, म्हणून छप्पर सपाट : माळवद किंवा धाबे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती गावच्याच जुन्या वस्तीच्या टेकाडावरून किंवा पडक्या गढीवरून आणीत. पाणी पडले की ती घट्ट बसते, म्हणून पावसाळ्यापूर्वी नवा थर चढवीत. म्हणजे एका पिढीची पडलेली भिंत पुढच्या पिढीच्या डोक्यावर छप्पर होऊन बसे. घराचे माप खणांत : दोन खांबांमधले अंतर तो एक खण. कोणाचे घर तीन खणी, कोणाचे सात खणी, हे सांगितले की ऐपत निराळी सांगावी लागत नसे.

६/ मोठ्या वाड्यात बाहेरून आत जाण्याच्या पायऱ्या ठरलेल्या. दिंडीदरवाजा, मग देवडी, मग चौक, ओसरी, सोपा, माजघर, सर्वांत आत देवघर आणि स्वयंपाकघर. देवडीपर्यंत कामकरी येई, ओसरीवर भाऊबंद आणि पाहुणा बसे, माजघरात घरच्या स्त्रिया, आणि देवघरात सोवळ्यातला माणूस. रस्त्याकडच्या भिंतीला खिडक्या अभावानेच. स्थापत्याचे वर्णन करणारे लोक थंडावा, उजेड, वारा यांविषयी भरभरून लिहितात, आणि ते खोटे नाही. जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात खरोखर गारवा देतात. पण कोणाला कोणत्या उंबऱ्यापर्यंत यावयाची मुभा आहे, हे त्या घराचे पहिले काम होते. गारवा त्यानंतरचा.

७/ हेच सूत्र वाड्याबाहेर काढून सबंध वस्तीवर ठेवले की गाव तयार होते. मध्यभागी किंवा उंचवट्यावर पाटील-कुलकर्ण्यांचे वाडे, क्वचित गढी. भोवती कुणब्यांच्या आळ्या. कडेकडेला बलुतेदार. मग मातीची किंवा दगडमातीची भिंत : गावकूस. तिला वेस, वेशीला लाकडी दारे, दारांजवळ मारुती. गावकूस हा गावाचा उंबरा होता. आणि उंबऱ्याबाहेर, बहुतेक ठिकाणी नजरेच्या टप्प्यात पण हाताच्या टप्प्यात नाही इतक्या अंतरावर, महारवाडा आणि मांगवाडा. त्यांची विहीर वा ओढ्यावरचा पाणवठा वेगळा, मसणवट वेगळी, आणि मरीआईचे ठाणेही तेथेच.

८/ रेखाचित्रांचे कैवारी येथे तीन उत्तरे देतात. तिन्ही ऐकून घेण्याजोगी आहेत, कारण ती आता शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली आहेत.

९/ पहिले उत्तर संरक्षणाचे. महार हा गावाचा राखणदार, वेसकर. म्हणून त्याचे घर वेशीबाहेर. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. तिन्हीसांजेला वेस लावणे, पहाटे उघडणे, आल्यागेल्याची वर्दी देणे, सरकारी सारा ठाण्यात पोहोचविणे, शिवेचा वाद उठला की हद्द दाखविणे ही कामे त्याचीच. वेसकराची पाळी ठरलेली असे, आणि पाळीच्या माणसाला घरोघरची भाकरी गोळा करण्याचा हक्क असे.

पण भिंत बांधतात ती कशासाठी? पेंढारी आले, दरोडा पडला, फौजेची तुकडी वाटेत लुटालूट करीत गेली, तर आतल्यांचे रक्षण व्हावे म्हणून. वेस लागली की राखणदाराची बायको, म्हातारी आई आणि पाळण्यातले मूल भिंतीच्या कोणत्या बाजूला राहात होते? कोणत्याही काळाच्या युद्धशास्त्रात पहारेकऱ्याचे कुटुंब तटाबाहेर उघड्यावर ठेवून तटाची दारे आतून लावण्याला संरक्षण म्हणत नाहीत. पहारा देणारा माणूस भिंतीबाहेर हवा होता, एवढेच असते तर त्याच्यासाठी देवडीत एक खोली पुरली असती.

१०/ दुसरे उत्तर वाऱ्याचे. हे अलीकडचे आहे आणि त्याला विज्ञानाचा मुलामा आहे. पठारावर पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, नद्या पूर्वेकडे वाहतात; म्हणून मेलेली जनावरे ओढणाऱ्यांची वस्ती पूर्वेला, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या उताराला ठेवली, हे जुन्या लोकांचे आरोग्यशास्त्र. पुष्कळ गावांत महारवाडा पूर्वेस असे, हे खरेच. पण दुर्गंधी टाळावयाची असेल तर जनावर सोलण्याची जागा दूर नेतात. माणसांची चूल दूर नेत नाहीत. शिवाय वाऱ्याच्या दिशेने वेगळी विहीर कशी स्पष्ट होते? वेगळे स्मशान कसे होते? मृताला तर कोणाच्याच नाकाची बाधा नसते. आणि ओढ्याच्या उताराला बसविलेल्या माणसांनी वरच्यांचे धुण्या-भांड्यांचे पाणी प्यावे, यात आरोग्य नेमके कोणाचे?

११/ तिसरे उत्तर या सर्वांत वजनदार आहे, आणि ते देणारे लोक बहुधा कागदपत्रे वाचलेले असतात. ते म्हणतात, महार हा बलुतेदार होता. बलुत्याच्या ओळी लावताना त्याचे नाव पहिल्या ओळीत, थोरल्या हिश्श्यात येते. गोतसभेच्या महजरांत त्याची साक्ष आहे. शिवेच्या वादात त्याचा शब्द पाटलाहून जड ठरे. त्याला इनाम जमीन होती. मग त्याला गावाबाहेरचा कसे म्हणावे?

हे सर्व मान्य करावे. मान्य केल्यानेच प्रश्न नीट उभा राहतो. खळ्यावर ज्याचे नाव पहिल्या ओळीत, त्याचे घर गावाच्या शेवटच्या ओळीतही नाही. सबंध गावाची शीव ज्याला तोंडपाठ, त्याला गावातल्या गल्लीत मोकळेपणी फिरता येत नाही. गावाला त्याचे काम, त्याची साक्ष, त्याचे पाय हवे होते. त्याचा शेजार नको होता. या दोन गोष्टी एकाच वेळी साधण्याची युक्ती म्हणजे गावकूस. ती वगळून बलुतेदारीचे कौतुक करणे म्हणजे वाड्याचे वर्णन करून त्याची देवडी विसरणे.

१२/ भिंत कोणी बांधली, हेही विचारावे. मंगळवेढ्याची परंपरा याचे उत्तर ठेवून गेली आहे. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८. गावाच्या कुसाचे काम चालले होते. कामाला धरून आणलेल्या मजुरांत संत चोखामेळा होते. बांधकाम कोसळले आणि ते इतरांसह त्याखाली गाडले गेले. नामदेव महाराज आले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम उमटत होते त्या चोखोबांच्या मानून पंढरपुरास घेऊन गेले, असे वारकरी परंपरा सांगते. समाधी बांधली ती महाद्वारासमोर, म्हणजे दाराबाहेर. त्या दारातून अस्पृश्यांना आत जाण्याची वाट १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर मोकळी झाली. ज्या भिंतीच्या आत राहण्याची परवानगी नव्हती ती बांधताना मरण, आणि मरणानंतरही मुक्काम दाराबाहेर. सहाशे वर्षांच्या मराठी स्थापत्याचा याहून नेमका आराखडा कोणत्याही अभियंत्याने काढलेला नाही.

१३/ संरक्षणाचा युक्तिवाद खोडण्यास तर्काची तरी काय गरज आहे? इतिहासानेच तो प्रयोग करून दाखविला आहे. पेशवाई बुडाल्यावर पेंढाऱ्यांचे भय ओसरले, तशी गावकुसे निरुपयोगी झाली. पावसाने मातीच्या भिंती खचल्या. लोकांनी त्यांची माती माळवदांवर नेली, दगड जोत्यांना लावले. पुढे बैलगाडीला, मग एस. टी.ला वेस अरुंद पडू लागली आणि कित्येक वेशीही गेल्या. देशावरच्या बहुतेक गावांत आज गावकूस दाखवा म्हटले तर एखादा बुरूज किंवा उकिरड्याशेजारचा उंचवटा दाखवितात. भिंत केवळ शत्रूसाठी असती, तर ती पडल्यावर दोन्हीकडची वस्ती हळूहळू एकमेकींत मिसळून गेली असती. तसे झाले नाही. भिंत गेली आणि तिची रेषा तेथेच राहिली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१ मध्ये. ज्या गावांविषयी ही माणसे लिहितात तेथे तट नव्हता, तरी त्याच्या आतले आणि बाहेरचे कोण हे पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक होते.

१४/ ‘ही रचना हजारो वर्षे अखंड चालत आली’ असेही एक वाक्य या रेखाचित्रांखाली आढळते. हजारो वर्षांपूर्वीचे महाराष्ट्रातले गाव कसे होते हे पाहावयाचे असेल तर घोड नदीकाठचे इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पंधरा वर्षे तेथील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन केले. सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली वस्ती. एक पाच खोल्यांचे घर आणि शेजारी धान्याचे कोठार सापडले, ते प्रमुखाचे मानले गेले. सधन शेतकरी मधोमध आणि कारागीर कडेला, असा क्रमही दिसला. म्हणजे मध्य आणि कड यांचा भेद जुना आहे, हे खुशाल म्हणावे. पण त्याच इनामगावात पुढे पाऊसमान बिघडल्यावर चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, आणि शेवटी गाव ओस पडले. अखंडतेचा दाखला म्हणून जे गाव पुढे केले जाते ते स्वतः मोडले, बदलले, उठून गेले. मातीने बांधलेली कोणतीही रचना अनादि नसते. तिला दर पावसाळ्यापूर्वी कोणीतरी पुन्हा लिंपते, तेव्हा ती टिकते.

१५/ कोकणाचा दाखला मुद्दाम वेगळा ठेवला आहे. तेथे देशासारखे कूस नाही. डोंगरउतारावर वाड्या विखुरलेल्या, प्रत्येक घराभोवती आगर. ‘आयदान’मध्ये उर्मिला पवार नोंदवितात की त्यांच्या भागात महारांची घरे कडेला नव्हती, गावाच्या मध्यभागी होती, आणि हाक मारली की कामाला हजर व्हावे यासाठी ती तेथे असावीत असे सुचवितात. भूगोल उलटा, अर्थ तोच. जे लोक म्हणतात की सर्व दोष एका भिंतीवर ढकलू नये, त्यांचे म्हणणे येथे खरे ठरते : वस्तीची जागा ठरविणारा हात महत्त्वाचा, भिंत हे त्याचे देशावरचे हत्यार.

१६/ मग हे सुखी, स्वयंपूर्ण गाव आले कोठून? त्याचा मोठा भाग इंग्रज अंमलदारांच्या टिपणांतून आला. चार्ल्स मेटकाफ यांनी १८३० मध्ये उत्तरेकडील महसुलाच्या संदर्भात लिहिताना खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. राजे येतात-जातात, खेडे तेवढे टिकते, हा त्यांचा आशय. पुढे राष्ट्रवादी लेखकांनी तो उचलला, कारण परक्याने दिलेले प्रशस्तिपत्र नाकारणे अवघड असते. वास्तविक मीठ, लोखंड, तांबे यांसाठी देशावरचे गाव नेहमीच बाहेरच्या बाजाराकडे पाहात होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त तर या गाड्याची कुरकुर पानोपानी ऐकू येते. आत्रे महसूल खात्यातले होते, त्यांनी गाव चावडीच्या बाजूने पाहिले, तरीही त्यांना ते रामराज्य वाटले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेटकाफांचे हे टिपण समोर ठेवून खेड्याला राज्यघटनेचा पाया मानण्यास नकार दिला. त्यांना खेडे माहीत नाही, असे त्या वेळीही म्हणणारे निघाले. त्यांना ते भिंतीच्या दुसऱ्या बाजूने माहीत होते.

१७/ हा वाद केवळ जुन्या चित्रांचा असता तर सोडून देता आला असता. पण रेषा अजून कागदावर जिवंत आहे. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने महाराची बांधिलकी कायद्यात पक्की केली. तो बदलावा म्हणून आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ती कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. वतन गेले, पण राहण्याची आणि कसण्याची जागा कोठून मिळावी? म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. त्यांत गायरानाची मागणी होती. वाढलेली कुटुंबे आत सरकू शकत नव्हती, ती बाहेरच सरकली. आणि गावकुसाबाहेर सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान.

१८/ गावठाणाची हद्द आज १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १२२ खाली ठरते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका दिली जाते. दीड शतक रिकाम्या राहिलेल्या त्या आकृतीत प्रथमच घरे काढली जात आहेत; हे काम मोठे आहे आणि त्याचे स्वागतच करावे. त्या पत्रिकेवर कर्ज मिळते, वाटण्या होतात, वाद मिटतात. पण योजना गावठाणातील घरांसाठी आहे. ज्या वस्तीची घरे हद्दीपलीकडे गायरानात उभी आहेत तिच्यापाशी ड्रोनची रेषा थांबते. गावकूस पडून शंभर-दीडशे वर्षे झाली, आणि ते पुन्हा आकाशातून आखले जाते.

१९/ डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला : समता नगर, भीम नगर, ज्योती नगर. निर्णय योग्यच होता. आपल्या पत्त्यात रोज अपमान लिहावा लागू नये, ही मागणी त्या वस्त्यांचीच होती. मात्र नाव बदलल्याने जागा बदलत नाही, आणि जुने नाव पुसताना जुना नकाशा तरी कोठे तरी जपून ठेवावा लागतो. नाहीतर पन्नास वर्षांनी एखादा जिज्ञासू विचारील की या गावातले भीम नगर नेमके ओढ्यापलीकडे, उताराला, वेगळ्या विहिरीपाशी का आहे, आणि त्याला उत्तर मिळेल : वाऱ्याची दिशा.

२०/ सध्या गावोगावी वेशी पुन्हा उभ्या राहात आहेत. सिमेंटच्या कमानी, वर कोणा नेत्याचे वा दिवंगताचे नाव, रंगीत दिवे. काही ठिकाणी जुन्या वाड्यांची डागडुजी होते, पर्यटकांसाठी बलुतेदारांचे पुतळे बसतात. हे सर्व करणाऱ्यांना एकच काम सुचवावेसे आहे आणि ते स्वस्त आहे. वाड्याची मोजमापे घेता त्याच दिवशी टेप घेऊन वेशीतून बाहेर जावे. महारवाड्याची जुनी विहीर किती हात दूर होती, मरीआईचे ठाणे कोठे, मांगवाड्याची मसणवट कोणत्या नाल्यापाशी, पाण्याची वाट कोणत्या शेताच्या बांधावरून जाई, हे विचारून कागदावर उतरवावे. त्या विहिरी बहुतेक बुजल्या आहेत, घरे पत्र्याची किंवा स्लॅबची झाली आहेत. ती मातीची होती, त्यामुळे त्यांचा एकही खांब कोणत्या संग्रहालयात गेलेला नाही. जागा दाखवू शकतील अशा आजी-आजोबा अजून काही वस्त्यांत आहेत. ते बहुधा ऐंशीच्या पुढचे आहेत.